उपाशी मुरमातलं गवत

आमच्या चिंताकी गावात हरळी लावायची नसते, काढायची असते. नांगरामागून बायका तिच्या कांड्या वेचतात, उन्हात वाळत टाकतात, आणि पहिल्या पावसाला राहून गेलेली एखादी कांडी वर येतेच. मी पुण्याकडे गोल्फच्या मैदानांवर गवताचं काम धरलं तेव्हा आत्यानं विचारलं, "हरळी लावायला पगार देतेत का रे तुला?"

देतात. गोल्फवाले जिला बर्म्युडा म्हणतात ती हीच, गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो ती. ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, दिसणारी टिफड्वार्फ ही तिच्या संकराची जात. अमेरिकेत जॉर्जियातल्या टिफ्टनला हरळीचा तिच्या आफ्रिकी भावकीशी संकर केला, त्यातून निघालेली ही ठेंगणी जात १९६५ साली बाहेर पडली. तिला बी धरत नाही, कांड्याच लावाव्या लागतात. तीन-चार मिलिमीटरवर कापायची, पाणी द्यायचं, खत द्यायचं, बुरशी राखायची. हे लाड ग्रीनपुरते मला मान्य आहेत. देशी गवताचा कैवार घेणाऱ्यांनी ग्रीनवर हक्क सांगू नये. पवन्यासारख्या माळाच्या गवतावर पटिंग होत नाही.

भांडण आहे ते रफचं. फेअरवेच्या कडेला, दोन होलच्या मधे, झाडांखाली एकरांनी जमीन असते आणि तिथं चेंडू चुकूनच जातो. तीही बारा महिने हिरवी ठेवायची हौस कशासाठी? दख्खनचा माळ दिवाळीनंतर पिवळा पडतो, तो त्याचा धर्म आहे. भारतातल्या गवताळ प्रदेशांची १९७३ साली मांडणी झाली, तेव्हा या पठाराच्या पट्ट्याला नावच पवना आणि मारवेल या दोन गवतांच्या वंशांवरून मिळालं. त्यांच्या जोडीला कुसळी. कार्तिकात तिची कुसळं एकमेकांत पिळून काळी शेंडी होते, खाली काड्या तांबूस. गुरं तोवर तिला तोंड लावायचं सोडतात. मला मैदानावर ती सगळ्यांत देखणी वाटते, मोज्यात घुसते हे कबूल करूनही.

लावण्यात शहाणपण कमी, आवरण्यात जास्त. रफमध्ये चेंडू अडायला हवा, पण सापडायलाही हवा. म्हणजे ठोंब सुटे, मधे माती दिसेल इतके विरळ. काळ्या जमिनीत मारवेल लावलं, वर फेअरवेचं खतपाणी झिरपलं, की गुडघाभर गादी होते. त्यात चेंडू काय, कॅडीही हरवेल. म्हणून मी जागा मुरमाड निवडतो, सुपीक माती आणू देत नाही, पहिल्या पावसाळ्यानंतर पाणी तोडतो. ताजं बी लगेच उगवत नाही, त्याला एक उन्हाळा काढू द्यावा लागतो. कुसळामुळे ते पाभरीतून सुटत नाही. वाळूत कालवून, मृगाच्या तोंडावर हातानं फोकायचं, खोल गाडायचं नाही. कुसळीला तर गाडावंही लागत नाही: ओल लागली की कुसळ पीळ सोडतं, वाळलं की पुन्हा घेतं, आणि बी स्वतःच मातीत शिरतं. कापणी वर्षातून एकदा, बी झडल्यावर. उन्हाळ्याआधी कडेनं जाळपट्टा काढायचा, तो विसरून चालत नाही.

सभासदांना मी अमेरिकेतल्या पाइनहर्स्टचं उदाहरण देतो. तिथल्या क्रमांक दोनच्या मैदानावरून बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी २०१०–११ मध्ये सुमारे ३५ एकर हिरवळ उखडली, वाळू उघडी केली आणि तिथलंच तारेसारखं गवत लावलं. पाण्याचे फवारे ११५० होते, ४५० राहिले. २०१४ ची यूएस ओपन त्याच मैदानावर झाली. त्या गवताची भावंडं आपल्या उघड्या मुरमाडावरही उगवतात, हे सांगितलं की मंडळी जरा ऐकून घेतात. परदेशातून फिरून आलं की आपलं गवतही बरं दिसतं.

मग सापाचा मुद्दा निघतो. साप कापलेल्या मैदानावरही येतात, पण हे मी हळू आवाजात सांगतो.

खरी अडचण बियाण्याची. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं मारवेलच्या चांगल्या जाती दिल्यात, पण त्या चाऱ्यासाठी: पाला भरपूर, वाढ जोमदार. गोल्फला नेमकं तेच नको. मला हवं ते चिवट, किरट गवत आमच्या औरादकडच्या गायरानात आणि बांधावर आहे, जिथं काळवीटही चरतात. ते बी दिवाळीच्या पुढे पिकतं आणि शेळ्या पोचण्याआधी काही दिवसच हातात असतं. तेवढ्यात ओरबाडून भागत नाही; थोडं तिथंच झडू द्यावं लागतं, आणि वेचणाऱ्या बायकांना हरळी काढण्याच्या मजुरीहून जास्त द्यावं लागतं. अंदाजपत्रकात ही रक्कम मी यंत्रांच्या वर लिहितो. हिशेबनीस ती खाली नेतो, आणि वजन विचारतो. पोतंभर कुसळाचं वजन काय सांगणार?