पुलाची रुंदी

मनुष्य सुसंस्कृत कशाने होतो, या प्रश्नाला आम्ही वर्गात आजवर निरनिराळी उत्तरे दिली आहेत. कधी विद्येने होतो म्हणून सांगितले, कधी घरच्या वळणाने, कधी सत्संगतीने. अलीकडे मात्र आमचे मत असे बनत चालले आहे की, मनुष्याची सभ्यता बऱ्याच अंशी पुलाच्या रुंदीवर अवलंबून असते. हा सिद्धांत आम्हांस कोणत्याही ग्रंथात सापडला नाही. मुंबईत मध्य रेल्वेचे परळ आणि पश्चिम रेल्वेचे प्रभादेवी ही दोन स्थानके जोडणाऱ्या पादचारी पुलांवरून पंचवीसएक वर्षे कॉलेजास जाता-येता तो आमच्या पदरी पडला आहे.

ही दोन स्थानके म्हणजे एकाच वाड्यातील दोन बिऱ्हाडे. प्रभादेवीचे नाव तेव्हा एल्फिन्स्टन रोड असे होते. १८५३ ते १८६० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्यावरून ते पडलेले. भोवतालचा सारा मुलूख गिरण्यांचा. गिरणीत काम करणारा मनुष्य बहुधा जवळच्याच चाळीत राही आणि भोंगा झाला की पायी कामावर जाई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, त्यांच्या जमिनींवर काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्या कचेऱ्यांत काम करणारी माणसे विरारहून, कल्याणहून आगगाडीने येऊ लागली. पायी येणारा गेला आणि गाडीने येणारा आला. जिना मात्र होता तेवढाच राहिला.

त्या जिन्यावर आम्ही कसे वागत असू, हे सांगावयास संकोच वाटतो. अध्यापकांच्या खोलीच्या दारात ‘आधी आपण’, ‘छे, आधी आपण’ असे म्हणत दोन दोन मिनिटे खोळंबणारे आम्ही, जिन्यावर पाऊल पडताच निराळेच प्राणी होत असू. छत्री आडवी धरावी, कोपर पुढे करावे, पुढच्याच्या टाचेवर पाय पडला तरी मागे वळून पाहू नये, अशी आमची तेथील आचारसंहिता होती. कोणी आम्हांस ढकलले म्हणजे ‘लोकांना शिस्त कशी ती नाही’ असे आम्ही पुटपुटत असू. त्या ‘लोकां’त आम्हीही मोडतो, ही गोष्ट मात्र कधी ध्यानात आली नाही.

या जिन्याविषयी कोणास तरी लिहावे, असे एका पावसाळ्यात आमच्या मनाने घेतले. साल २०१४ असावे. आम्ही मोठ्या उत्साहाने इंग्रजीत एक पत्र रचले. तीन संध्याकाळ त्यातील वाक्ये घासूनपुसून चकचकीत केली. एका विशेषणावर तर अर्धा तास खर्च केला. सौभाग्यवतींनी ‘टाकलंत का ते पत्र?’ असे दोनदा विचारलेही. परंतु तोवर पाऊस उघडला होता, परीक्षांचे दिवस जवळ आले होते, आणि पत्र मेजाच्या खणात गेले ते गेलेच.

२९ सप्टेंबर २०१७ रोजी खंडेनवमी होती. सकाळी साडेदहाच्या सुमारास पावसाची जोराची सर आली. जिन्यावर असलेली माणसे आडोशासाठी तेथेच थांबली, आणि मागून एकेक गाडी आपली माणसे ओतीतच राहिली. त्या चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. गर्दीत कोणी ‘फूल पडले’ म्हणाले आणि ते ‘पूल पडला’ असे ऐकू गेले, अशीही हकीगत त्या वेळी प्रसिद्ध झाली होती. ‘प’ हा अल्पप्राण आणि ‘फ’ हा महाप्राण, हा भेद आम्ही लहानपणी व्याकरणात घोकला होता. त्या शब्दांतील ‘प्राण’ असा समोर येऊन उभा राहील, असे मात्र कधी वाटले नव्हते. तथापि दोष शब्दाकडे जात नाही. रुंद जिन्यावर चुकीचा शब्द कानी पडला तर मनुष्य चार पावले धावतो आणि मग स्वतःलाच हसतो. अरुंद जिन्यावर त्याला धावावयासही जागा नसते. तेथे नवा पूल बांधण्याची मंजुरी या अपघातापूर्वीच मिळालेली होती. पूल कागदावर होता, माणसे जिन्यावर होती.

त्या रात्री आम्ही खण उघडून ते पत्र काढले. पत्र धाडले असते तरी काही घडले असते, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. पण ते न धाडण्याचे समर्थनही आम्हांस सुचेना.

तेव्हापासून या स्थानकात काय बदलते, ते एका वहीत टिपून ठेवण्याचा आम्ही परिपाठ ठेवला. २७ फेब्रुवारी २०१८: लष्कराने बांधलेला नवा पादचारी पूल खुला झाला. सरहद्दीवर आणि महापुरात पूल टाकणारे जवान भर मुंबईत येऊन, घोषणेपासून चार महिन्यांत, पूल उभा करून गेले. जुलै २०१८: एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले. ३ मार्च २०१९: परळहून लोकल गाड्या सुटू लागल्या. सप्टेंबर २०२५: शेजारचा शंभरी उलटलेला एल्फिन्स्टनचा रहदारीचा पूल पाडण्यासाठी बंद झाला; शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी तेथे दुमजली पूल व्हावयाचा आहे.

या वहीत एक नोंद कोणत्याही सरकारी कागदात न सापडणारी आहे. लष्कराच्या पुलावरून प्रथमच गेलो त्या दिवशी मागून येणारा एक तरुण आम्हांस म्हणाला, ‘काका, तुम्ही व्हा पुढे.’ आम्ही चकित झालो. थोड्या वेळाने पाहतो तो, एका लेकुरवाळ्या बाईसाठी आम्ही स्वतःच कठड्याशी सरकून उभे होतो! माणसे तीच होती, गाड्या त्याच होत्या, आमची घाईही तीच होती. एका पुलाने आम्हां सर्वांस जे वळण लावले, ते पंचवीस वर्षांच्या कुरकुरीला लावता आले नव्हते. गर्दीला असंस्कृत म्हणणाऱ्याने आधी हाती फूटपट्टी घेऊन जिना मोजावा, हे उत्तम.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका स्थानकात जिन्याच्या तोंडाशी सकाळची गर्दी तशीच थबकलेली आम्ही पाहिली. घरी येताच मेजाशी बसलो आणि मराठीत चार ओळी खरडल्या. जिना कोणता, वेळ कोणती, माणसे किती वेळ अडकून राहतात, एवढेच लिहिले. विशेषण एकही घातले नाही. दुसरे वाचन न करता पत्र त्याच संध्याकाळी टपालात टाकले. उत्तर अद्याप आलेले नाही. पोच मात्र आली आहे; ती आम्ही त्या जुन्या इंग्रजी पत्रास टाचून ठेवली आहे.