मूठभर मूर्तीची पारख

वस्तु जितकी लहान, तितकी तिची परीक्षा कठीण. मोठ्या पुतळ्यांत कारागिराची लहानसहान चूक लपून जाते. परंतु वीतभरही नसलेल्या मूर्तीचें नाक तांदळाएवढें सरकलें, तरी शूर मावळा रडवा दिसूं लागतो. दिवाळीच्या किल्ल्यासाठीं नगरच्या बाजारांत चित्रें निवडणाऱ्या गृहिणींना हें सांगावयास नको. आमच्या शहराचा किल्ला भुईकोट. पण मुलें अंगणांत रचतात तो मात्र डोंगरीच असतो, आणि त्यावर सिंहासन, भालदार, गवळण व मावळे यांची योग्य निवड झाली नाहीं, तर साऱ्या मातीचिखलाचे श्रम वायां गेल्यासारखे वाटतात.

अलीकडे या मावळ्यांच्या जोडीला घरोघरच्या कपाटांत नवी मंडळी येऊन बसली आहे. ॲनिमे या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या जपानी चलच्चित्रांतील पात्रांच्या या मूर्ति होत. 'गुड स्माइल' या जपानी कंपनीनें २००६ सालीं सुरू केलेल्या 'नेंडोरोइड' मालेंतील मूर्ति सुमारें दहा सेंटिमीटर उंच, मोठ्या डोक्याच्या व चिमुकल्या धडाच्या असतात. आमच्या घरांतील वडील मंडळींना हा निव्वळ पोरखेळ वाटतो. मला मात्र तसें वाटत नाहीं. कारण मावळा निवडणारी दृष्टि येथेंही जशीच्या तशी उपयोगी पडते.

प्रथम चेहरा पाहावा. जपानी मूर्तीचे डोळे बहुधा छापलेले असतात. त्यांच्या रेषा स्वच्छ असाव्यात व दोन्ही डोळे एकाच दिशेनें पाहत असावेत. नंतर सांधा पाहावा. मातीचा मावळा दोन भागांच्या सांच्यांतून निघतो, आणि प्लास्टिकची मूर्तिही सांच्यांतूनच येते. चांगला कारागीर तो सांधा केसांत किंवा वस्त्राच्या चुणींत लपवितो. मग रंगाची कड पाहावी: केसांचा रंग कपाळावर ओघळला असेल, तर घाई झाली असें समजावें. शेवटीं मूर्ति सपाट जागीं ठेवून तिचा तोल पाहावा. भाजलेली माती टिचकी मारून पारखतां येते. प्लास्टिकला ती कसोटी नाहीं. तेथें नाकानें व बोटानें पाहावें. उग्र दर्प हें वाईट लक्षण. पण नुसत्या चिकटपणावरून निर्णय देऊं नये. प्लास्टिक मऊ राहावें म्हणून त्यांत मिसळलेलें द्रव्य उष्णतेनें बाहेर येतें, व आमच्याकडील वैशाखांत अस्सल मूर्तिही बंद पेटींत चिकट होऊं शकते. कोमट पाण्यांत सौम्य साबणानें धुतल्यास ती बहुधा पूर्ववत् होते.

माझ्या पुतण्यानें ओवाळणीचे पैसे सांठवून अशीच एक मूर्ति मागविली. डोळे तिरळे, मानेचा सांधा उघडा, पेटीवरील अक्षरें अशुद्ध आणि निर्मात्याच्या हक्काची खूण कोठेंच नाहीं. किंमतही अस्सल मूर्तीच्या मानानें फारच थोडी होती. नक्कल उघड झाली. विक्रेत्यानें परत घेण्यास नकार दिला. इतक्यांत त्याच्या वर्गांतील एक मुलगा तीच मूर्ति पुऱ्या किंमतीस घ्यावयास तयार झाला. त्याला खऱ्याखोट्याची पारख नव्हती.

मुलगा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशीं त्यानें मला विचारलें, "काका, मावळेसुद्धां एकाच सांच्यांतून शेंकडों निघतात. मग त्यांना कोणी नकली कां म्हणत नाहीं?"

उत्तर माझ्या वहिनींनीं दिलें. "अरे, मावळा मातीचा आहे आणि मातीचाच म्हणून विकला जातो. त्याचें रूप पिढ्यान्‌पिढ्या साऱ्यांचेंच आहे. तुझ्या बाहुलीचा मूळ नमुना मात्र कुणीतरी डोळे शिणवून घडविला. त्याचे कष्ट दुसऱ्यानें चोरले, आणि वर तिला त्याच्याच नांवानें बाजारांत बसविलें. आतां तूंही तिला त्याच नांवानें विकणार काय?"

त्यावर कोणी अधिक बोललें नाहीं. मुलानें मित्राला घरीं बोलावून डोळे, सांधा व पेटीवरील अक्षरें एकेक करून दाखविलीं. मित्रानें ती घेतली नाहीं. पैसेही बुडाले ते बुडालेच. ओवाळणीची वर्षाची पुंजी अशी जाणें लहान वयांत थोडें दुःख नव्हे, आणि तें कोणी भरून द्यावें असेंही मला वाटलें नाहीं.

डोळा तयार होण्यास वस्तु पुष्कळ पाहाव्या लागतात, हें खरें. परंतु दिसलेला दोष दुसऱ्याला सांगण्याचें धैर्य नसेल, तर त्या तयार डोळ्याचा उपयोग केवळ दुसऱ्यास फसविण्याकडे होतो. सराफाच्या कसोटीच्या दगडाला घरचें सोनें व परक्याचें सोनें असा भेद ठाऊक नसतो. मुलांना पारख शिकवावयाची, तर ती अशीच शिकवावी.