सेवेचे मोल

जून २०१८ मधील प्रसंग आहे. राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील इंटर्न डॉक्टर विद्यावेतनवाढीसाठी संपावर गेले होते. त्यांपैकी एक, आमच्याच धर्मग्रामातील तरुण, मालवणला घरी आला असता आईसह आम्हांस भेटला. "वैद्यकी हे व्रत आहे, बाळा, व्रताचा हिशेब मांडू नये," असा उपदेश आम्ही केला.

तो नम्रपणे म्हणाला, "फादर, तुमच्या ताटाची काळजी धर्मग्राम वाहतो. मला महिन्याला ६,००० रुपये मिळतात; रात्रपाळ्याही त्यातच. खानावळीचे पैसे देऊ की कर्जाचा हप्ता भरू?"

मासळी विकणारी त्याची माउली हळूच म्हणाली, "दिसाक दोनशे, फादर! येका सकाळीत माका ह्याच्यापेक्षा जास्त गावतत."

आम्ही निरुत्तर झालो.

पुढे ही रक्कम ११,००० झाली आणि २०२४ मध्ये ती १८,००० करण्याचा निर्णय झाला. आता आपल्याच जिल्ह्यात, ओरोसला, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अत्यवस्थ रुग्णाला घेऊन गोव्यात बांबोळीला धावणे म्हणजे काय, हे आपणांपैकी अनेकांनी अनुभवले आहे. ती धावपळ थांबावी असे वाटत असेल, तर येथे शिकणाऱ्या डॉक्टरांच्या पोटाचाही विचार आपण करावयास हवा.

सेवा ही ज्याची त्याने स्वखुशीने द्यावयाची असते. दुसऱ्याच्या सेवेचे गुणगान करून त्याचे मोल बुडविणे हा अन्यायच होय. त्या दिवशी तो आमच्या मुखातून घडला. त्या तरुणाची क्षमा आम्ही पुढे मागितली. आज वाचकांसमोरही तीच कबुली देत आहोत.