मसुदा आधी, की पक्षकार आधी?

वकिली सुरू करताना आमच्या ज्येष्ठांनी आम्हाला एक ताकीद दिली होती : पक्षकाराची हकीकत ऐकल्याशिवाय कैफियत लिहू नये. तरीही तयार मसुद्यांचा एक गठ्ठा आम्ही जवळ बाळगलाच. बहुधा तो कामास आला. एकदोनदा मात्र त्याच्यापायी न्यायासनापुढे मान खाली घालावी लागली. ते शल्य गतवर्षी आमच्या देवस्थानाच्या कचेरीत पुन्हा जागे झाले.

महाजनांची नावे व वर्गणीच्या पावत्या तेथे आता पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसात आहेत. यादीवर हरकती घेण्याचा तो अखेरचा दिवस. परगावच्या याद्या क्षणात निघत होत्या. परंतु खुद्द देवाच्या गावची यादी काही केल्या निघेना. वृद्ध मंडळी दाराशी तिष्ठत होती.

कारण उमगले ते असे. 'अमुक गावचे महाजन कोण व त्यांच्या पावत्या कोणत्या?' हा प्रश्न गावाची जागा रिकामी ठेवून तयार केलेला असतो. पहिल्या पाच वेळा डेटाबेस गाव पाहून उत्तराची वाट नव्याने आखतो. पुढे त्या आखण्यांच्या सरासरी खर्चाशी तो एका सर्वसाधारण आखणीचा खर्च ताडून पाहतो. ती महाग न दिसल्यास तीच वापरतो. या आखणीला गाव ठाऊक नसते. एकूण नावे भागिले गावे, एवढाच तिचा हिशेब. आमची गावे शेकडो, म्हणून तिने दर गावी मूठभर नावे धरली व एकेका नावासाठी पावत्यांच्या दप्तरात फेरी मारण्याची वाट पत्करली. दहा नावांना ती सोयीची, हजारोंना जीवघेणी. तेथे दोन्ही दप्तरे एकदाच वाचून मेळ घालणे श्रेयस्कर.

२०१२ मधील ९.२ आवृत्तीपूर्वी अशा प्रश्नाची आखणी तो तयार होतानाच उरकली जाई. २०१९ मधील १२ व्या आवृत्तीपासून 'प्लॅन कॅश मोड' बदलून दर वेळी नवी आखणी करण्याचा हुकूम देता येतो. कचेरीतील तरुणाने त्या एका प्रश्नापुरता तो दिला, आणि यादी निघाली.

दर वेळी आखणी करण्यातही वेळ जातोच. जेथे सर्व प्रकरणे सारखी, तेथे तयार मसुदा बरा. जेथे माणसागणिक हकीकत पालटते, तेथे आधी ऐकावे. आमचा गठ्ठा आम्ही फेकलेला नाही. मात्र आता पक्षकाराचे बोलणे संपेपर्यंत तो सोडत नाही.