बातमी कळली, पण कधीची?

इंग्रजी येत नाही म्हणून आपण अडतो, असं आपल्याला वाटतं. खरं तर अडतो ते घड्याळावर आणि कॅलेंडरवर. कॉन्फरन्स कॉलवर ‘स्टेकहोल्डर’, ‘डिलिव्हरेबल’ असले भारदस्त शब्द सगळ्यांना कळतात. पण पलीकडचा माणूस ‘बाय द एंड ऑफ नेक्स्ट वीक, वेल, थर्सडे ॲट द लेटेस्ट’ असं पुटपुटला, की अख्खी टीम म्यूट दाबून एकमेकांकडे बघते, “कधी म्हणाला रे तो?” मराठी मीडियमवाले विचारतातच, कॉन्व्हेंटवालेही हळूच कान देतात. सात वर्षं पुण्यात ऑफिसात बसून हे ऐकतेय, बॉस!

तर हा लेख ‘कधी’बद्दल. आणि बराचसा माझ्या ताईबद्दल.

ताई माझी मावसबहीण. कराडची. जीएनएम करून पुण्यात आली आणि अकरा वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. घराचं कर्ज, दहावीच्या उंबरठ्यावरचा मुलगा आणि अकरा वर्षांत इंचाइंचाने वाढलेला पगार. गेल्या वर्षी तिने आणि भाऊजींनी ठरवलं, इंग्लंडचा प्रयत्न करायचा. तिथल्या नर्सिंग काउन्सिलला आयईएलटीएसमध्ये लिस्निंग, रीडिंग आणि स्पीकिंगला ७ लागतात, रायटिंगला ६.५. ताईला लिस्निंगमध्ये दोनदा साडेसहा मिळाले. अर्ध्या बँडने घोडं अडलं होतं! एका खेपेला पंधरा हजारांच्या वर फी. तिसऱ्यांदा बसायचं की नाद सोडायचा, यावर त्यांच्या घरी रोज जेवताना चर्चा. चर्चा म्हणजे शांतता.

क्लास तिने लावला होता. तिथे रोज एक टेस्ट, मग स्कोअर फळ्यावर. चुकलं ते का चुकलं, हे सांगायला कोणाला वेळ नव्हता. एका रविवारी मी तिच्या प्रॅक्टिस टेस्टचे कागद घेऊन बसले आणि लाल पेनाचे गोल मोजले. शब्द न कळल्यामुळे गेलेले मार्क थोडे होते. निम्म्याहून जास्त गोल दिवस, तारीख, वेळ, मुदत यांच्याभोवती. या परीक्षेत लिस्निंगचे प्रश्न चाळीस, ऑडिओ साधारण अर्ध्या तासाचा आणि ऐकवतात फक्त एकदा. सात बँडला साधारण तीस उत्तरं बरोबर यावी लागतात. म्हणजे ताईला हवे होते जेमतेम तीन-चार मार्क, आणि ते सगळे कॅलेंडरात अडकले होते.

घड्याळाचा विषय आधी संपवून टाकते, कारण तो सोपा आहे. प्रत्येक कोर्सच्या पुस्तकात घड्याळांची चित्रं पानभर असतात आणि मराठी माणसाला नेमकी तिथेच कमी मदत लागते. ब्रिटिश माणूस ‘हाफ सेव्हन’ म्हणतो तेव्हा त्याला साडेसात म्हणायचे असतात. मधला ‘पास्ट’ त्याने गिळलेला असतो. जर्मन माणूस इथे हमखास फसतो, कारण त्याच्या भाषेत ‘हाल्ब झीबेन’ म्हणजे साडेसहा. आपलं मात्र फिट बसतं. आधी साडे, मग सात. ‘क्वार्टर टु सेव्हन’ म्हणजे सरळसरळ पावणेसात. ‘ट्वेंटी टु सेव्हन’ म्हणजे सातला वीस कमी, आजी म्हणायची तसंच. ताईला हे एकदा सांगितलं आणि ती हसायलाच लागली. “म्हणजे हे आपल्यासारखंच बोलतात की गं!”

खरा घोळ आहे तो दिवसांचा.

आपण ‘परवा’ म्हणतो. गेलेला परवा आणि येणारा परवा, शब्द एकच. कुठला ते कळतं शेवटच्या क्रियापदावरून : परवा गेले, परवा जाणार. त्यामुळे आपल्या कानाला वाक्य संपेपर्यंत वाट बघायची सवय. इंग्रजीत ‘द डे बिफोर यस्टर्डे’ म्हणजे चार शब्दांची आगगाडी. ताईचा कान शेवटचा डबा, ‘यस्टर्डे’, तेवढा पकडायचा आणि पेन चालायचं.

मग ‘पर्यंत’. “शुक्रवारपर्यंत रिपोर्ट द्या” आणि “मी शुक्रवारपर्यंत रजेवर आहे”. मराठीत दोन्हीकडे ‘पर्यंत’. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय फ्रायडे’, दुसऱ्याला ‘अनटिल फ्रायडे’. ऑफिसात यावरून फार तर एखादी मेल तिखट येते. वॉर्डात गोळी शुक्रवारपर्यंत चालू ठेवायची की शुक्रवारच्या आत बंद करायची, हा प्रश्न तिखट मेलपेक्षा थोडा मोठा असतो.

आणि माझं सगळ्यात आवडतं, ‘आठ दिवस’. डॉक्टर “आठ दिवसांनी दाखवा” म्हणतात आणि सोमवारचा पेशंट मुकाट्याने पुढच्या सोमवारी येतो. म्हणजे झाले सात! ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे चौदा. आपण दोन्ही टोकं धरून मोजतो. इंग्रजीतला ‘फोर्टनाइट’ हा शब्दच मुळी चौदा रात्रींपासून आलाय, तिथे दिवस चौदाच. (अमेरिकन माणसाला मात्र ‘फोर्टनाइट’ म्हणू नका, तो गेमबद्दल बोलायला लागेल.) ‘मंडे वीक’ असा एक खास ब्रिटिश प्रकार आहे. येता सोमवार सोडून त्याच्या पुढचा सोमवार. पहिल्यांदा ऐकताना ते ‘मंडे’ आणि ‘वीक’ असे दोन सुटे शब्दच वाटतात.

यावर उपाय काय? मी ताईला म्हटलं, टेस्ट सोडवणं महिनाभर बंद. रोज एक बातमीपत्र ऐकायचं, बस्स.

बातम्याच का, तर बातमीत ‘कधी’ची जागा बऱ्यापैकी ठरलेली असते. हेडलाइन बहुतेक वर्तमानकाळात. पहिल्या वाक्यात बहुतेकदा ‘हॅज रिझाइन्ड’, ‘हॅव बीन किल्ड’, म्हणजे घडलंय, पण कधी ते गुलदस्त्यात. वेळ येते ती पुढच्या वाक्यात, साध्या भूतकाळात : ‘ही रिझाइन्ड ऑन ट्यूजडे, जस्ट अवर्स बिफोर...’. हा साचा एकदा कानात बसला की पहिल्या वाक्याला दम खायचा आणि दुसऱ्याला कान टवकारायचे. शिवाय बातम्या वाचणारी माणसं शब्द खात नाहीत. आपल्या आयांच्या पिढीने पुणे केंद्रावर सुधा नरवणेंच्या आवाजातल्या प्रादेशिक बातम्या अशाच ऐकल्या, शब्द न शब्द सुटा. आकाशवाणीवर तर छोट्या वर्तमानपत्रांना उतरवून घेता यावं म्हणून धीमी गतीच्या बातम्यासुद्धा असायच्या. हिंदीत आणि इंग्रजीत!

इंग्रजी हळू ऐकायचं तर ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चं नाव घ्यावंच लागतं. त्यांचं ‘स्पेशल इंग्लिश’ १९५९ मध्ये सुरू झालं. साधारण दीड हजार शब्दांत, मुद्दाम संथ वाचलेल्या बातम्या. २०१४ मध्ये त्याचं नाव ‘लर्निंग इंग्लिश’ झालं. मार्च २०२५ मध्ये या संस्थेतल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आलं. पण जुने भाग सापडतात आणि सरावाला बातमी शिळी असली तरी चालते. ताईने पहिले दहा दिवस तेच ऐकलं. मग बीबीसीचं ‘सिक्स मिनिट इंग्लिश’, आणि मग थेट बीबीसीची छोटी बातमीपत्रं. बीबीसीचे ते सहा ‘पिप’ तिला फार आवडले. १९२४ पासून वाजताहेत; सहावा लांब असतो आणि तो सुरू झाला की तास भरला. “आमच्या मॉनिटरसारखं वाजतं,” ताईचं मत.

पद्धत साधी होती. पहिल्यांदा ऐकताना हातात पेन नाही. दुसऱ्यांदा वहीत फक्त ‘कधी’ लिहायचं. कोण, कुठे, काय, सगळं सोडून द्यायचं. तिसऱ्यांदा ऐकून झालं की ती बातमी मला मराठीत सांगायची. या तिसऱ्या पायरीला क्लासवाले नाक मुरडतील, त्यांच्यात ‘थिंक इन इंग्लिश’चा फंडा चालतो. पण मला विचाराल तर ‘कळलं’ आणि ‘कळल्यासारखं वाटलं’ यातला फरक मराठीत सांगायला लागलं की दोन मिनिटांत उघडा पडतो. ‘सिन्स मार्च’ की ‘इन मार्च’ हे ऐकून मान डोलावता येते. सांगताना मात्र ‘मार्चपासून’ म्हणायचं की ‘मार्चमध्ये’, याचा निकाल लावावाच लागतो.

आकड्यांसाठी एक जोडकाम. ‘थर्टी’मध्ये जोर सुरुवातीला, ‘थर्टीन’मध्ये सहसा शेवटाला. पण लगेच पुढे नाम आलं, ‘थर्टीन पेशंट्स’, की जोर सुरुवातीला सरकतो आणि मग त्या लांब ‘टीन’वर आणि त्याच्या ‘न’वरच भरवसा. जखमींचे आकडे, तारखा, वयं; बातम्यांत यांचा तोटा नसतो.

एका बाबतीत मात्र ताईनेच मला शिकवलं. बातमीत ‘इन द अर्ली अवर्स ऑफ ट्यूजडे’ असं आलं. मराठीत सांगताना आपण काय म्हणू? “सोमवारी रात्री दोन वाजता.” आपला दिवस उजाडल्यावर बदलतो. रेल्वेचं ००:१० चं तिकीट हातात असलेली माणसं म्हणूनच एक दिवस उशिरा स्टेशनवर पोचतात. मला वाटलं, ताई इथे अडकणार. तिने क्षणात लिहिलं, मंगळवार. “अगं, नाइटला बारा वाजले की केस पेपरवर तारीख बदलायची. अकरा वर्षं तेच करतेय. मध्यरात्रीपासून नील बाय माउथ म्हणजे कुठली मध्यरात्र, हे नातेवाइकांना समजावताना घसा दुखतो.” म्हणजे तिच्याकडे हे सगळं होतंच. टीडीएस, क्यूसिक्सएच, प्री-ऑप, पोस्ट-ऑप. तिची अख्खी ड्यूटी वेळेवर चालते. फक्त ते इंग्रजी कागदावरचं होतं, कानात उतरलेलं नव्हतं. त्या दिवसापासून ती बातम्या हँडओव्हर घेतल्यासारख्या ऐकायला लागली. मला वाटतं, खरा फरक तिथे पडला.

मग आम्ही एकच घटना तीन घड्याळांत लावायचा खेळ काढला. चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं २३ ऑगस्ट २०२३ ला, आपल्या संध्याकाळी ६:०४ ला. ग्रीनिचप्रमाणे १२:३४, पण ऑगस्टमध्ये लंडनची घड्याळं तासभर पुढे, म्हणून तिथे १:३४. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ११ वाजता. ब्रुसेल्समध्ये तेव्हा मध्यरात्र होती आणि आपल्याकडे १ फेब्रुवारीची पहाट, साडेचार. एकाच बातमीत दोन तारखा खऱ्या! माझ्या नोकरीत हे रोजचंच. ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे करतं, अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी. मधल्या दिवसांत तिन्ही देशांचा एक कॉल ठरवून दाखवा, मी वडापाव खाऊ घालते.

पण बातम्यांवर सगळी मदार ठेवता येत नाही, हेही सांगायला हवं. वृत्तनिवेदक शब्द फिरवत नाही. परीक्षेतली माणसं सारखी फिरवतात. ‘ट्यूजडे ॲट टेन... ओह नो, सॉरी, दॅट्स टेकन, मेक इट थर्सडे’. ट्यूजडे लिहून मोकळे झालात की गेला मार्क. आणि खऱ्या वॉर्डातली माणसं तर याहून फिरवणार. म्हणून शेवटचे तीन आठवडे मी ऑफिसच्या कॅबमधून ताईला फोन करायचे आणि दाताच्या दवाखान्याची रिसेप्शनिस्ट व्हायचे. ती तिकडे वारज्याच्या बसची वाट बघत उभी.

“वी कॅन डू हाफ फोर ऑन द फिफ्टीन्थ... ॲक्च्युअली, कुड यू मेक इट अ वीक लेटर?”

“ट्वेंटी-सेकंड. साडेचार. आणि तू जरा हळू बोल, ड्रायव्हरदादा काय म्हणत असतील!”

ड्रायव्हरदादांनी एक दिवस आरशात बघून विचारलं, “मॅडम, दातांचा साइड बिझनेस आहे का?”

तिसऱ्या खेपेला ताई बसली. निकालाच्या दिवशी तिची मॉर्निंग ड्यूटी होती. फोन लॉकरमध्ये, म्हणून लॉगिन मला देऊन ठेवलेलं. लिस्निंग ७.५. मी डेस्कवरच ओरडले. मग खाली बघितलं. रायटिंग ६.

अडीचला तिचा फोन आला. मी दोन्ही आकडे सांगितले. ती थोडा वेळ गप्प होती आणि मग म्हणाली, “साडेसात? लिस्निंगला? मला?” सहाचं दुःख तिने संध्याकाळपर्यंत पुढे ढकललं.

रात्री आम्ही रायटिंगची पुस्तकं काढून बसलो. अकॅडमिकच्या पहिल्या टास्कमध्ये आलेख असतो : अमुक सालापासून तमुक सालापर्यंत काय वाढलं, काय घटलं, ते दीडशे शब्दांत लिहायचं. ताईने पहिलंच पान उघडलं, आलेखाच्या तळाशी ओळीने लिहिलेली सालं बघितली आणि माझ्याकडे पुस्तक सरकवलं.

“हे बघ. इथेही ‘पासून’ आणि ‘पर्यंत’च आहे.”