परिमाणवाचक शब्दांची जागा

इंग्रजी शिकणाऱ्यास शब्दांचे अर्थ लवकर अवगत होतात. शब्दांच्या जागा उशिरा कळतात. त्यातही 'ऑल', 'फ्यू', 'ईच', 'इनफ' यांसारख्या संख्या वा परिमाण सांगणाऱ्या शब्दांची जागा फार उशिरा कळते. हा विषय शाळेतील फळ्यापुरता आहे असे वरवर पाहता वाटेल. आम्हांस मात्र तो रामाकोन्यासारख्या गावातील प्रत्येक मराठी घराचा वाटतो.

याचे कारण आपल्या भागाच्या इतिहासात आहे. भोसल्यांच्या अमदानीत सातपुड्याचा हा पायथा नागपूरशी जोडलेला होता. इंग्रजी राज्यातही मध्य प्रांताची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्ह्याचे नाव बदलले, तरी घरातील बोली मराठी, शाळा-कचेरीची भाषा हिंदी आणि पुढील शिक्षणाची इंग्रजी, हा क्रम काही बदलला नाही. त्यामुळे आपली मुले इंग्रजी वाक्य बहुधा हिंदीच्या आधाराने जुळवितात, आणि घरच्या मराठीचा या कामी काही उपयोग असेल हे त्यांना कोणी सांगत नाही. आमच्या मते तो उपयोग मोठा आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. गारपिटीनंतर बागेत फिरून आलेला शेतकरी म्हणतो, 'थोडी झाडे वाचली.' दुसरा म्हणतो, 'झाडे थोडी वाचली.' शब्द तेच आहेत. पहिल्याच्या बोलण्यात काहीतरी हाती लागल्याचा दिलासा आहे, तर दुसऱ्याच्या बोलण्यात बाग गेल्याची खंत आहे. विशेषण नामाच्या पुढून मागे गेले आणि विधानाचा भार त्याच्यावर पडला. इंग्रजीत हाच भेद 'अ फ्यू' आणि 'फ्यू' यांनी होतो. पहिल्यात दिलासा आहे, दुसऱ्यात खंत. एवढेसे उपपद गळले तर अर्थ उलटतो. हे नुसते पाठ करणाऱ्या मुलाच्या हातून ते उपपद हमखास सुटते. 'थोडी झाडे' आणि 'झाडे थोडी' यांतील फरक ज्याच्या कानाला ठाऊक आहे, त्यास ते एकदा सांगितले की पुरते.

मापाच्या शब्दांचेही असेच आहे. 'दोन टोपल्या कापूस भिजला' आणि 'कापसाच्या दोन टोपल्या भिजल्या' ही वाक्ये आपण सहज वेगळी बोलतो. पहिल्यात क्रियापद कापसामागे जाते आणि टोपली हे केवळ माप ठरते. दुसऱ्यात टोपल्याच भिजतात. इंग्रजीस मात्र दोन्हीकडे माप आधी, मग 'ऑफ' आणि शेवटी वस्तू, अशी एकच रचना पुरते. येथे आपली भाषा अधिक सूक्ष्म आहे.

वाटपाच्या वाक्यात याहून गंमत आहे. 'मुलांना दोन दोन संत्री दिली' असे म्हणताना आपण संख्या दुप्पट उच्चारतो. व्याकरणात अशा विशेषणास पृथक्त्ववाचक म्हणतात. इंग्रजीत ही द्विरुक्ती नाही. तेथे 'टू ऑरेंजेस ईच' म्हणावे लागते, म्हणजे वाटणी सांगणारा शब्द वाक्याच्या शेवटी जाऊन बसतो. 'इनफ' तर नामापूर्वी येतो आणि विशेषणानंतर: 'इनफ वॉटर', परंतु 'बिग इनफ'. आपला 'पुरेसा' मात्र 'पुरेसे पाणी' आणि 'पुरेसा मोठा' या दोन्ही ठिकाणी आधीच राहतो. सर्वनामाशी आपण संख्या नंतर लावतो: 'आम्ही दोघे', 'तुम्ही सगळे'. इंग्रजी 'ऑल' नामापूर्वी खुशाल उभा राहतो, पण 'यू'पूर्वी येताना त्यास 'ऑफ'ची मध्यस्थी लागते.

आता सर्वांत महत्त्वाच्या ठिकाणाकडे वळू. मराठीत 'नाही' वाक्याच्या शेवटी येते. 'सगळी झाडे जगली नाहीत' असे म्हटले की काही जगली, काही गेली, असाच अर्थ आपण बहुधा घेतो. आमच्याकडच्या बोलीत 'सप्पा झाडं जगली नाहीत' म्हटले तरी तेच. सगळीच गेली असतील तर आपण 'एकही झाड जगले नाही' असे निराळे वाक्य करतो. आता असे समजू की, दोनशे झाडांच्या बागेतील तीस झाडे गेली आणि घरातील शिकत्या मुलाने विमा कंपनीस इंग्रजीत पत्र लिहिताना आपले वाक्य शब्दाला शब्द ठेवून उतरविले: 'ऑल द ट्रीज हॅव नॉट सर्व्हाइव्हड.' वाचणारा यातून संपूर्ण बाग गेली असाही अर्थ काढू शकतो. पाहणीस आलेल्या माणसास एकशेसत्तर झाडे उभी दिसली, तर सरळमार्गी शेतकऱ्याचा अर्ज खोटा ठरतो. नकार वाक्याच्या आरंभी नेऊन 'नॉट ऑल' म्हटले असते, तर शंकेला जागा उरली नसती. सगळी झाडे गेली असती तर 'नन' होताच.

इंग्रजी स्वतःही या बाबतीत फार सोवळी नाही. 'चकाकते ते सारे सोने नसते' ही आपण इंग्रजीवरून घेतलेली म्हण मूळ भाषेतही 'ऑल' आधी आणि 'नॉट' नंतर अशाच क्रमाने आहे. म्हण सर्वांच्या ओळखीची असल्याने तेथे घोटाळा होत नाही. अर्ज, करार, औषधाची सूचना यांना अशी ओळख नसते. तेथे शब्दाची जागा हाच एक आधार असतो. विभक्तिप्रत्यय आणि लिंगवचनाचा मेळ यांमुळे आपले शब्द जागा सोडूनही आपल्या माणसास धरून राहतात. इंग्रजीने ते प्रत्यय बहुतांशी टाकले आणि त्यांचे काम क्रमावर सोपविले.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हापासून आपल्या भाषेचे नियम इंग्रजीच्या चौकटीत बसवून पाहण्याचा परिपाठ आपल्याकडे रूढ झाला. तर्खडकर घराण्यातील भाषांतर-पाठमालेने मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्य करण्याची सवय पुढे अनेक पिढ्यांना लावली. ती सवय आपल्या सीमेवरील घरांतून हिंदीच्या वाटेने निघून गेली आहे. ती परत आणण्यास शाळेची परवानगी लागत नाही. संध्याकाळी नातवंडांपुढे दोन वाक्ये ठेवावीत, 'थोडी झाडे वाचली' आणि 'झाडे थोडी वाचली', आणि फरक विचारावा. उत्तर मराठीत आले म्हणजे मग इंग्रजी विचारावे. ज्या घरात पहिले उत्तर येणार नाही, तेथे चिंतेचे कारण इंग्रजी नाही, हे आजी-आजोबांनी ओळखावे.