काचेला जे सांगता येत नाही

काचेच्या बरण्या घरात आल्या की पाठोपाठ लेबलं येतात. बरण्या एका मापाच्या, बांबूच्या झाकणाच्या, रांगेत ठेवल्या की फोटोत झकास दिसणाऱ्या. आणि त्यांच्याबरोबर छापील लेबलांचा एक संच, काळ्यावर पांढरी अक्षरं. हे संच नेमके कुणाच्या स्वयंपाकघरासाठी निघतात, याचं मला कुतूहल आहे. त्यात ओट्स असतात, पास्ता असतो, चिया असतं, क्विनोआ तर हमखास. मेतकूट नसतं. गोडा मसाला नसतो. भाजणीचाच पत्ता नसतो, तर ती थालीपिठाची की चकलीची, हा प्रश्न फारच पुढचा. पोह्यांना मिळून एकच लेबल. पातळ पोहे भिजवून त्यांचे कांदेपोहे करायला गेलं की एका लेबलात किती भागतं ते कळतं. संच वापरून झाला की हातात क्विनोआ उरतो. आमच्याकडे तो सध्या धाकट्याच्या कंपासपेटीवर आहे.

आणि मुळात काचेच्या बरणीला नाव हवंच कशाला? तूरडाळ दिसतेच आहे की.

आमच्या आयांच्या मांडणीवर पितळेचे, मग स्टीलचे डबे होते. आतलं काही दिसायचं नाही, तरी आतल्या जिनसेचं नाव कुणी बाहेर लिहिलेलं मला आठवत नाही. अक्षरं मात्र असायची. भांड्यांच्या दुकानात कोपऱ्यात बसलेला माणूस किर्र वाजणाऱ्या मशीनने टिंबाटिंबांची अक्षरं कोरून द्यायचा: 'चि. सौ. कां. अमकी हिस मावशीकडून सप्रेम भेट', खाली तारीख. डबा कुणी दिला, कधी दिला, हे जन्मभर वाचता यायचं. आत रवा आहे की हरभऱ्याची डाळ, ते आईच्या डोक्यात. डबा कानाशी हलवून ती सांगायची. वरच्या फळीवरचा डावीकडून दुसरा, असले तिचे पत्ते. ती माहेरी गेली की बाबा झाकणामागून झाकण उघडत साखर शोधत बसायचे आणि शेवटी बिनसाखरेचा चहा पिऊन कचेरीला जायचे.

ही हकिगत घरोघर मोठ्या कौतुकाने सांगतात. मला ती तेवढी गोड वाटत नाही. सगळं एकट्या बाईलाच ठाऊक असलं की अंगात ताप असतानाही तिलाच उठून जिऱ्याचा डबा काढून द्यावा लागतो. लेबलाचा पहिला फायदा तिचा: तिला पडून राहता येतं.

काच आली आणि सगळं उघड्यावर आलं, हे खरं. पण पांढऱ्या पुडींपुढे काचही हात टेकते. मैदा, तांदळाची पिठी, कॉर्नफ्लोअर, आरारूट, पिठीसाखर, खाण्याचा सोडा. चिमटीत धरून चोळलं तर कॉर्नफ्लोअर करकरतं आणि पिठी किंचित कणीदार लागते, पण फोडणी तडतडत असताना इतकी परीक्षा कोण घेणार? त्याहून जोखमीची म्हणजे एकादशी. साध्या भाजणीत तांदूळ, डाळी, धणे. उपासाच्या भाजणीत साबुदाणा, वरी, राजगिरा. दोन्ही भाजलेल्या, दोन्ही शेजारी ठेवल्या तर घाईत एकीच्या जागी दुसरी हाताला येणार, आणि थालीपीठ दोन्हींचं होतं. ज्या घरात सासूबाई कडक उपास करतात, तिथे ही चूक परवडत नाही. म्हणून आमच्याकडे 'उपास' एवढं एकच लेबल लाल शाईत आहे. त्या बरणीत बाहेरचा चमचासुद्धा जात नाही. स्वयंपाकाच्या मावशींनी त्यावर आणखी एक उपाय केलाय: बरणीच्या गळ्याला रबरबँड. त्यांचा चष्मा पर्समध्ये असतो आणि हात पिठात. रबरबँड बोटांना कळतं. खरं सांगायचं तर माझ्या लाल शाईपेक्षा ते भरवशाचं आहे.

बाकीच्या बरण्यांवर काय लिहावं, याबद्दल माझं मत ठाम आहे. जे दिसतंय ते लिहू नये, किंवा लिहिलं तर बारीक. जे काचेतून दिसत नाही ते मोठं लिहावं. 'तिखट' या लेबलाने काय कळलं? बेडगीचं तिखट रंगाला गडद आणि जिभेला सौम्य, लवंगीचं चिमूटभर जास्त पडलं तर जेवणारे पाणी मागतात. बरणीत दोन्ही लालच. तेव्हा 'बेडगी, सढळ' आणि 'लवंगी, जपून'. तांदळाच्या बरणीवर जात लिहिण्यापेक्षा 'नवा, पाणी कमी' हे उपयोगाचं, कारण नवा तांदूळ जुन्याएवढं पाणी मागत नाही आणि नेहमीच्या मापाने लावला तर भाताचा गोळा होतो. वर्षभर पडून राहिलेल्या डाळीवर 'जुनी, भिजवून घ्या'. मसाल्यावर कांडून आणल्याचा महिना. मेतकुटावर पाठवणाऱ्याचं नाव, म्हणजे बरणी रिकामी झाल्यावर फोन कुणाला करायचा ते कळतं. विकतच्या पुडीचा तारखेचा तुकडा कापून काही जण बरणीतच टाकतात. तो हळूहळू तळाशी जातो आणि एक दिवस वरणात निघतो. त्यापेक्षा बरणीच्या पाठीला चिकटवलेला बरा.

काच आणखी एक करते. ती उजेड आत घेते. हळदीचा रंग उजेडाने उतरतो, मिरचीचाही उतरतो. तिखटपणा मात्र बराचसा मागे राहतो आणि फिकट दिसतंय म्हणून आपण चमचा भरून टाकतो. खिडकीसमोरच्या उघड्या फळीवर मसाल्यांच्या बरण्या मांडायची हौस फोटोपुरती ठीक. मुंबई-वसईकडची ईस्ट इंडियन मंडळी यात पक्की. उन्हाळ्यात मिरच्या आणि कितीतरी जिनसा वाळवून, भाजून, कांडून ते वर्षाचा मसाला करतात आणि बिअरच्या तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून ठासून भरतात. त्याला नावही बॉटल मसाला. गडद काचेतून उजेड शिरत नाही, ठासल्यामुळे हवेला जागा उरत नाही. आतलं काय आहे ते दिसत नाही, आणि कृती घराघरागणिक वेगळी. त्या बाटलीवर लिहायचंच तर घराचं नाव.

आता चिकटवायचं कसं, हा खरा घरगुती वादाचा विषय. जूनमध्ये वह्यांना लावून उरलेली लेबलं मला फार आवडतात, ती लाल किनारीची, नाव, इयत्ता, तुकडी, विषय अशा छापील ओळींची. एका बरणीवर मी 'नाव: हरभरा डाळ, तुकडी: जुनी, विषय: पुरण' असं भरलंय, इयत्ता कोरी आहे. पण ही लेबलं टिकत नाहीत. कुकरच्या वाफेने कोपरे उचलतात, तेलकट अंगठ्याने अक्षरं फिसकटतात, वरून सेलोटेप मारला तर तो पिवळा पडतो. पाठीचा कागद सोलून लावायचे स्टिकर, ज्यांचा धंदा स्टँटन एव्हरी यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू केला, ते चिकटतात छान, पण निघताना जीव खातात. माझं मत मास्किंग टेपला. हाताने फाटतो, साध्या बॉलपेनने त्यावर लिहिता येतं आणि ओढला की सबंध निघून येतो. थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू यांनी तो १९२५ मध्ये काढला तोच मुळी मोटारींना दोन रंग देताना कड सरळ यावी आणि टेप काढताना खालचा रंग निघू नये म्हणून. बरणीतली जिन्नस बदलत राहते. तिचं लेबलही रागावून न बसता निघून जाणारं हवं.

जॅमच्या, कॉफीच्या बाटल्या वापरणाऱ्यांना आधी जुनं लेबल काढावं लागतं. गरम पाण्यात बाटली बुडवली की कागद सुटतो आणि चिकटा काचेवर राहतो. नखाने खरवडून तो आणखी पसरतो. तिथे पाण्याचं काम नाही. खोबरेल तेलात खाण्याचा सोडा कालवून तो लेप थापावा, अर्ध्या तासाने काथ्याने घासावं. मग साबणाने धुऊन काच अगदी कोरडी करावी, कारण तेलाचा हात राहिला तर नवं लेबल दुसऱ्या दिवशी ओट्यावर पडलेलं सापडतं. आणि लेबल बरणीच्या पोटावर लावावं. एकाच मापाच्या चार बरण्या एकदम घासायला पडल्या की झाकणांची अदलाबदल होणारच. बरण्या खोल ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्यांना वरून फक्त झाकणंच दिसतात, त्यांनी दोन्हीकडे लावावं.

माझी भाची शिकायला अमेरिकेला निघाली, तेव्हा बहिणीने पिशव्यांवर रोमन अक्षरांत लेबलं केली होती, कस्टमवाल्यांना वाचता यावीत म्हणून. मेतकुटाच्या पिशवीवर डाळींची, गव्हाची, हळदीची यादी, आणि ते भाजलेलं आहे अशी हमी. तिकडे पोचल्यावर पोरीने ते काचेच्या बरणीत ओतलं आणि यादी फेकून दिली. खोलीतल्या मैत्रिणीसाठी टेपवर तिने इंग्रजीत तीन गोष्टी लिहिल्या: गरम भात, तूप, मग हे. मैत्रिणीने सूचना अर्धीच पाळली. ती टोस्टला लोणी लावते आणि वर मेतकूट भुरभुरवते. छान लागतं म्हणे. बहिणीने अजून ते करून पाहिलेलं नाही, पण पुढची पिशवी मोठी भरली आहे.